सहा फुटांचा शाफ्ट

दसरा उलटला की भुसावळहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडा पांढऱ्या व्हायला लागतात. ट्रॉल्यांमध्ये दाबून भरलेला कापूस, त्यावर ताणून बांधलेली जाळी आणि जाळीतून निसटलेले पुंजके. वारा ते बाभळींमध्ये नेऊन अडकवतो. पारोळ्याच्या पुढे एका वळणावरची बाभूळ तर दरवर्षी सबंध पांढरी होते. शनिवारी दुपारी आयटीआय सुटलं की मी याच रस्त्यानं आईकडे निघते. एरवी बस हलली की मला झोप लागते. या दिवसांत मात्र मी जागी असते. खिडकीतून सरकीचा तेलकट, उबदार वास येतो आणि त्यात मला आणखी एक वास मिसळलेला वाटतो, जो खरं तर तिथे नसतो. कापल्या जाणाऱ्या लोखंडाचा आणि त्यावर सोडलेल्या दुधट तेल-पाण्याचा.

हे दोन वास मला एकत्र मिळाले ते एकाच वर्षी, दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. मशिनिस्ट ट्रेड शिकवायला लागून चार वर्षं झाली होती आणि माझ्या वडिलांच्या मशीनला मी एकदाही हात लावलेला नव्हता.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. धुळ्यात आग्रा रोडच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती आणि तीत फिरत्या कटरनं लोखंड कापणारं एक छोटं मिलिंग मशीन. त्याचं टेबल, म्हणजे ज्यावर काम बांधायचं तो लोखंडी पाट, जेमतेम अडीच फूट लांब. विहिरीच्या मोटारींचे शाफ्ट म्हणजे फिरते दांडे, ते जोडणारी कपलिंग, गुऱ्हाळाच्या चरकाचे दाते, असली कामं खेड्यापाड्यातून यायची. मी शाळेतून येताना दारात उभी राहून बघायचे. कटरखालून लोखंडाच्या निळसर किसाचे कण उडायचे आणि नाना मान तिरपी करून, डोळ्यांनी नव्हे तर कानांनीच काम केल्यासारखे उभे असायचे. मी आत पाऊल टाकलं की म्हणायचे, दप्तर ठेव आणि अभ्यासाला बस. मी आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड घेतला तेव्हा ते खूश झाले, पण शेडची किल्ली काही मिळाली नाही. सरकारी नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मला पेढ्यांपेक्षा दुसरं काहीतरी हवं होतं. ते मागायचं कसं, हे मला माहीत नव्हतं.

त्या वर्षी आईनं फोन करून बोलावलं. तिच्या बोलण्यात नुसते तुकडे होते. चहाचा कप फुटला, दुसरा फुटला, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, विचारलं तर चिडतात. मी साठवलेली रजा टाकली आणि घरी आले. मनाशी ठरवून आले होते की नानांना शेड बंद करायला सांगायचं.

शेडमध्ये गेले तर ते कटर पुसत बसले होते. मी स्टुलावर बसले. कोपऱ्यात पोत्याखाली पाच-सहा शाफ्ट होते. नाना पाणी प्यायला गेले तसं मी पोतं उचलून पाहिलं. सगळ्यांवर खाच कोरलेली, आणि सगळ्या खाचा वाकड्या. शाफ्टवर पुली बसवतात तेव्हा ती नुसतीच फिरू नये म्हणून दोघांच्या मध्ये एक चौकोनी पट्टी ठोकतात. तिला चावी म्हणतात आणि तिच्यासाठीची ही खाच. नानांची खाच म्हणजे आरशासारखी, असं लोक सांगायचे. मी पोतं परत टाकलं. नाना दारात उभे होते. त्यांनी पाहिलं होतं. ते आत आले आणि त्यांनी पुन्हा कटर पुसायला घेतला.

त्याच दुपारी रफिकभाई आले. रफिकभाई दोंडाईच्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर होते. नानांची आणि त्यांची ओळख पंचवीस वर्षांची. टेम्पोतून त्यांनी एक शाफ्ट आणला होता. सहा फूट लांब, मनगटापेक्षा जाड, जळगावच्या लेथवर नुकताच कातलेला, चकाकणारा. जिनिंगच्या खालच्या बोळातला मुख्य शाफ्ट हंगामाच्या तोंडावर तडकला होता. याच एका शाफ्टवरून पट्ट्यांनी सगळी मशिनं फिरायची. पुल्या ओळीनं बसणार, म्हणून खाच जवळजवळ टोकापासून टोकापर्यंत हवी होती. जळगावच्या मोठ्या कारखान्यात ती झाली असती, पण तिथे दिवाळीनंतरचा वायदा होता आणि इकडे फाटकाशी कापसाच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या. हे सांगताना रफिकभाई नानांकडे बघत नव्हते, शाफ्टकडे बघत होते.

मी म्हणाले, या टेबलावर हे बसणार नाही. आयटीआयमध्ये पोरांना मी हेच सांगितलं असतं. टेबल अडीच फुटांचं, त्याची सरकायची चाल दीड फुटाची, आणि काम सहा फुटांचं. नानांनी शाफ्टवर तळवा ठेवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात. मग रफिकभाईंना म्हणाले की ठेवून जा.

रफिकभाई गेल्यावर मी भांडले. कोपऱ्यातल्या शाफ्टविषयी बोलले नाही, पण बाकी सगळं बोलले. नानांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले की वीस वर्षांपूर्वी जिनिंगचा पहिला शाफ्टही याच टेबलावर झाला होता, टप्प्याटप्प्यानं. फरक एवढाच की तेव्हा धरायला दुसरा माणूस होता. आणि मग इतकंच म्हणाले, "दुसरा टोकले तू थांबशी का?"

दुसऱ्या टोकाला तू थांबशील का. एवढी वर्षं ज्या प्रश्नाची मी वाट बघत होते तो असा, रागात असताना आला. मी हो म्हणाले.

आजही वर्गात मी लांब कामाचा धडा घेते तेव्हा फळ्यावर एक आडवी रेघ काढते आणि तिच्याखाली आधाराचे दोन त्रिकोण. पोरंपोरी ते वहीत उतरवून घेतात. त्या आडव्या रेघेचं वजन त्यांना कळत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही, मलाही कळलं नव्हतं. शाफ्टचं वजन पंचेचाळीस किलो. आम्ही दोघांनी तो उचलला तेव्हा नानांचं टोक हेलकावे खात होतं आणि ती थरथर त्या सबंध लोखंडातून माझ्या तळहातांपर्यंत येत होती. मी खाली मान घालून चालत राहिले.

टेबलावर दोन व्ही-ब्लॉक ठेवले. इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच असलेले हे ठोकळे, म्हणजे गोल काम घरंगळत नाही. त्यांच्यावर शाफ्ट ठेवला. एक टोक टेबलाच्या बाहेर साडेतीन फूट लोंबत राहिलं. त्याच्या वजनानं टेबल एका बाजूला जड झालं, ते सरकवायचं चाक फिरवायला दोन्ही हात लागू लागले. त्या टोकाखाली नानांनी स्वतः बनवलेला एक स्टँड लावला. तीन पायांवर उभा एक स्क्रू आणि त्याच्या डोक्यावर दोन जुनी बेअरिंग, म्हणजे टेबल सरकलं की शाफ्टही त्यांच्यावरून घरंगळत सरकेल.

बांधणी मी केली. पुस्तकाप्रमाणे घट्ट. टोक लोंबतंय म्हणून स्टँडचा स्क्रू चांगला वर घेतला, मग शाफ्ट दाबून धरणारे दोन्ही क्लॅम्प आवळले आणि पान्यावर अंगाचं वजन टाकलं. शाफ्ट इकडचा तिकडे होणं शक्य नव्हतं. मी खूश होते. नाना स्टुलावरून बघत होते. म्हणाले, कटर लावायच्या आधी डायल लाव आणि क्लॅम्प ढिला कर. डायल म्हणजे घड्याळासारखं मोजायचं यंत्र, केसाएवढा फरकही दाखवणारं. मी त्याची सुई शाफ्टवर टेकवली, शून्यावर आणली आणि पाना फिरवला. क्लॅम्प सुटला तशी सुई झरझर फिरली. एवढा जाड शाफ्ट, आणि मी तो वाकवून बांधला होता. तसाच कापला असता तर सोडल्यावर तो पुन्हा सरळ झाला असता आणि खाच मात्र कुठे खोल, कुठे उथळ राहिली असती.

"त्याले आधार देवाना, उचलाना नही," नाना म्हणाले. त्याला आधार द्यायचा, उचलायचं नाही.

मग त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली. स्टँडची बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये ती सरकवायची. स्क्रू हळूहळू वर घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं कागद ओढत राहायचं. कागद सहज निघाला तर टोक अजून अधांतरी आहे. फाटला तर आपण ते उचललंय. निघताना किंचित अडला, बोटांना एवढंसं जाणवलं, की थांबायचं. हे सांगताना ते उठले, स्टँडशी उकिडवे बसले आणि त्यांनी कागदाचं टोक चिमटीत धरलं.

कागद वाजायला लागला. अगदी बारीक, पिंपळाच्या पानासारखा. त्यांनी उजवा हात डाव्या हातानं धरून पाहिला. मग दोन्ही कोपर गुडघ्यांवर टेकवून पाहिले. कागद वाजतच राहिला. मी पान्याकडे बघत होते. शेडच्या बाहेरून भाजीवाला गेला, त्याची हाक लांब जाईपर्यंत आम्ही तसेच होतो. मग नानांनी कागद माझ्यापुढे केला.

"माले आते समजत नही," ते म्हणाले. "तू ओढ."

मला आता कळत नाही, तू ओढ. मी त्यांच्याशेजारी बसले आणि कागद धरला. ते स्क्रू फिरवत होते आणि मी सांगत होते, मोकळा आहे, अजून मोकळा, आता जरा अडतोय, थांबा. ते थांबले. मी पुन्हा ओढून पाहिला. मग क्लॅम्प आवळले, बरोबर ठोकळ्यांच्या डोक्यावर, मध्ये कुठेही नाही. सुई जागची हलली नाही. नाना उठले आणि तोंड धुवायला बाहेर गेले. बराच वेळ नळ चालू होता.

तिथून आमचं काम सुरू झालं. मी बांधायचे, ते कापायचे. ही वाटणी कुणी ठरवली नाही, ती झाली. कारण एक गोष्ट आम्हाला दोघांनाही त्याच दिवशी कळली, चाक हातात आलं की नानांचा हात शांत व्हायचा. नुसता मांडीवर ठेवलेला हात थरथरायचा, कागद धरलेला थरथरायचा, पण चाकाची मूठ पकडून ते फिरवायला लागले की जुने नाना परत यायचे. कोपऱ्यातल्या त्या खाचा कापताना नव्हे, बांधताना वाकड्या झाल्या होत्या. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की या कंपवातात असंच होतं. तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो नव्हतो. आम्हाला वाटलं, मशीन त्यांना ओळखतंय.

एका बांधणीत सव्वा फुटाच्या आसपास खाच व्हायची. मग सगळं सोडायचं, शाफ्ट पुढे सरकवायचा, कापलेल्या खाचेत एक चावी बसवायची आणि तिच्या बाजूवर डायलची सुई फिरवून बघायचं की नवी खाच जुनीच्याच रेषेत येईल की नाही. पुन्हा कागद, पुन्हा क्लॅम्प. कटरनं अर्ध्या मिलिमीटरचा घास घ्यायचा, त्याहून जास्त नाही, कारण घास मोठा झाला की शाफ्ट गुणगुणायला लागायचा. गुणगुणणं नानांना माझ्या आधी कळायचं. दिवसभरात वीतभर खाच व्हायची. कधी तेवढीही नाही. तिसऱ्या बांधणीला सुई जुळता जुळेना, सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत मी शाफ्ट केसभर इकडे, केसभर तिकडे करत होते. नाना एकदाही म्हणाले नाहीत की सरक, मी बघतो. जुळलं तेव्हा त्यांनी फक्त तेलाचा डबा पुढे केला.

आई दुपारी डबा घेऊन यायची. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेल सोडलेला ठेचा. नानांच्या हातून घास सांडायचा म्हणून ते घरी भिंतीकडे तोंड करून जेवायचे. शेडमध्ये मात्र ते आमच्याकडे तोंड करून जेवायला लागले. आईनं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती भरीत जरा घट्ट करून आणायला लागली, भाकरीत नीट धरलं जाईल असं.

रफिकभाई दर दोन-तीन दिवसांनी यायचे. घाई करायचे नाहीत. एकदा आईसाठी लाल मिरच्यांची पिशवी घेऊन आले आणि मशीनपासून लांब, दाराशी बसले. फाटकाशी किती गाड्या झाल्या ते सांगायचं टाळायचे, पण बूट कापसानं माखलेले असायचे. नानांचा मांडीवरचा हात त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला असणार. मी त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेले तेव्हा विचारलं की तुम्हाला माहीत होतं, तरी शाफ्ट इथे का आणला. ते म्हणाले की जळगाववाल्यानं तारीख दिली तेव्हा मालकांनी दुसरा पर्याय विचारला, आणि रफिकभाईंच्या तोंडून नानांचंच नाव आलं. हात थरथरतो हे बाजारात ऐकलं होतं. मग म्हणाले की बेटी, डोकं तर थरथरत नाही ना.

पाचव्या बांधणीला खाच दुसऱ्या टोकाशी पोचली. नानांनी मशीन बंद केलं. पातळ तेल-पाणी शाफ्टवरून ओघळत होतं. मी चावीची लांब पट्टी खाचेत ठेवली आणि बोटानं ढकलली. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाचही बांधण्या ओलांडून, कुठेही न अडता गेली. नाना बघत होते. ते म्हणाले की आता कडा घास, नाहीतर रफिकचा हात कापेल.

मी आता त्यांच्या त्या वेळच्या वयाकडे निघाले आहे. आयटीआयमध्ये माझ्याकडे चांगली मोठी मशिनं आहेत, सहा फुटांचं काम सहज बसेल अशी. कुणाला कागद ओढून बघावा लागत नाही. तरी मी प्रत्येक तुकडीला एकदा तो ओढायला लावते. यंदा साक्रीकडची एक मुलगी आहे, तिला पहिल्याच वेळी कळलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण त्या क्षणी मला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि तो माणूस वर्गात नव्हता.

नानांची शेड त्या हंगामानंतरच्या उन्हाळ्यात बंद झाली. मी सांगायची गरज पडली नाही, नानांनीच किल्ली आईकडे दिली. मशीन साक्रीच्या एका वर्कशॉपवाल्याला गेलं. ते टेम्पोत चढत असताना नाना घरात पेपर वाचत बसले होते. पुढे त्यांना चालायला आधार लागू लागला. नातेवाईक दंडाला धरून ओढायचे आणि ते रागवायचे. मी नुसती कोपराखाली हात ठेवून चालायचे, तेव्हा मात्र ते पांझरा नदीच्या पुलापर्यंत यायचे, गप्पा मारत. त्या हंगामानंतर पाच वर्षं ते होते. त्या पाच वर्षांत आम्ही पुष्कळ बोललो, पण एकत्र काम पुन्हा केलं नाही. मला ओढ आहे ती त्या कामाची. समोरच्याला आपण काय मानतो, हे सांगायला नानांकडे दुसरी भाषा नव्हती.

त्या हंगामात शाफ्ट बसवल्यावर ज्या दिवशी जिनिंग सुरू करायची होती, त्या दिवशी आम्हाला दोंडाईच्याला बोलावलं होतं. धनत्रयोदशी होती बहुतेक, बाजारात झेंडूचे ढीग होते. फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत गाड्या उभ्या होत्या आणि गाडीवान खाली सावलीत झोपले होते. रफिकभाई आम्हाला खालच्या बोळात घेऊन गेले. शाफ्ट आपल्या जागी होता, पुल्या ओळीनं बसलेल्या, पट्ट्या चढवलेल्या. मला तो ओळखू येईना, इतका तो आता तिथलाच झाला होता. त्यांनी आम्हाला दूर उभं केलं आणि वर हाक दिली.

आधी मोटारीचा घरघराट आला. मग पट्ट्या एकेक करून हलल्या आणि शाफ्ट फिरायला लागला, हळू, मग वेगानं, मग इतक्या वेगानं की फिरतोय हे दिसेनासं झालं. डोक्यावर जिन मशिनांचा खडखडाट सुरू झाला. फळ्यांच्या फटीतून कापसाचे तंतू खाली उतरायला लागले, आमच्या डोक्यांवर, रफिकभाईंच्या दाढीवर. बाहेर कुणीतरी गाडीवानांना उठवत होतं.

नाना भिंतीलगतच्या लोखंडी चौकटीशी गेले. शाफ्ट जिच्यावर बसला होता ती चौकट. शाफ्ट जराही वाकडा असला तर थरथर तिथे आधी येते. त्यांनी तळवा चौकटीवर ठेवला आणि मान तिरपी केली. बराच वेळ ते तसे उभे राहिले. मग त्यांनी दुसरा हात ठेवून पाहिला. मग माझ्याकडे वळले, आणि त्या आवाजात मला ऐकू यावं म्हणून तोंड माझ्या कानाशी आणलं.

"पोरी, हाई कापी राहिनं, का मना हात?"

हे थरथरतंय, की माझा हात. मी त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. लोखंड थंड होतं. आत काहीतरी मोठं, एकसारखं चाललं होतं, पण थरथर नव्हती. मी खात्री करून घेतली, घाईनं उत्तर द्यायचं नव्हतं. बोटं उचलली, पुन्हा टेकवली.

"नही नाना," मी म्हणाले. "हाई नही कापत."

त्यांनी मान हलवली. हात काढला नाही. मीही काढला नाही.